खेळांतून फलंदाजीचे शिक्षण

साधारणपणे पाच ते दहा वर्षांच्या मुलांना क्रिकेटमधील फलंदाजीची प्राथमिक कौशल्ये छोट्या खेळांतून शिकवण्याची पद्धत. बॅटची पकड, उभे राहण्याची ढब, चेंडूवरची नजर, पायांची हालचाल आणि सरळ बॅट ही ती कौशल्ये. नेटबाहेर रांग लावून एकेक फटका घोटवून घेण्याऐवजी येथे खेळाचे नियम, चेंडू, जागा आणि धावांचा हिशेब असा ठरवतात, की हवी ती हालचाल केल्याशिवाय मुलाला धाव मिळत नाही. मुलाचे कोपर हाताने धरून वळवण्यापेक्षा नियम बदलणे केव्हाही चांगले, कारण धरून वळवलेले कोपर पुढच्याच चेंडूला जुन्या जागी येते.

या विचाराला शास्त्रीय बैठक १९८० च्या दशकात मिळाली. इंग्लंडमधील लफबरा विद्यापीठातील डेव्हिड बंकर व रॉड थॉर्प यांनी १९८२ मध्ये, आधी खेळ समजू द्यावा आणि तंत्र गरज पडेल तेव्हा शिकवावे, अशी मांडणी केली. कार्ल न्यूवेल यांनी १९८६ मध्ये शरीराची हालचाल ही व्यक्ती, परिसर आणि समोरचे काम या तिन्हींच्या मर्यादांतून घडते, असे दाखवले. प्रत्यक्ष उदाहरण मात्र त्याच्या कितीतरी आधीचे आहे. ऑस्ट्रेलियातील बाउरल गावी लहानगा डॉन ब्रॅडमन घरामागच्या पाण्याच्या टाकीच्या विटांच्या चौथऱ्यावर गोल्फचा चेंडू आपटायचा आणि उसळून येणारा चेंडू स्टंपने मारायचा. चेंडू कुठल्या कोनातून येईल याचा नेम नसे आणि हातात बॅटऐवजी बारीक दांडा. नजर आणि पाय दोन्ही त्या एकट्याच्या खेळात तयार झाले.

साहित्य : बॅट मुलाच्या मापाची हवी. ‘दोन वर्षे चालेल’ म्हणून पालक मोठी बॅट घेतात आणि नुकसान तिथेच सुरू होते. जड बॅट पेलण्यासाठी खालचा हात जोर लावतो, वरचा हात निव्वळ नावाला राहतो आणि प्रत्येक फटका आडवा जातो. सुरुवातीला प्लास्टिकची बॅट आणि हलका रबरी किंवा टेनिसचा चेंडू पुरतो. पूर्ण मापाची २० मीटरची खेळपट्टीही या वयाला लांब पडते. चेंडू टाकणारा मोठा माणूस असेल तर त्याने जवळून, खालून हाताने, एक टप्पा पडेल असा टाकावा. बॅट फिरवणाऱ्या मुलाभोवती मोकळी जागा राखणे आवश्यक.

खेळ : पकड शिकवायला बॅट जमिनीवर पालथी ठेवून मुलाला ती दोन्ही हातांनी उचलायला सांगतात. दोन्ही हात एकमेकांना लागून आणि अंगठा व तर्जनी यांमधील खाच बॅटच्या पाठीच्या रेषेत बहुधा आपोआप येते. नजरेसाठी दोन रंगांचे चेंडू वापरतात. चेंडू हातातून सुटताच मुलाने ‘लाल’ किंवा ‘पिवळा’ असे ओरडायचे, मगच मारायचे. सरळ बॅटसाठी समोर दोन शंकू ठेवून दार करतात. दारातून चेंडू गेला तर चार धावा, बाजूला गेला तर एक. शिक्षकाने ‘सरळ खेळ’ असे एकदाही म्हणावे लागत नाही.

फ्रेंच क्रिकेट हा या सर्वांतील सर्वांत गुणी खेळ म्हणावा लागेल. त्यात स्टंप नसतात. गुडघ्याखालचे पाय हेच स्टंप. भोवती मुले गोलाकार उभी राहतात, चेंडू जिथे अडेल तिथून खालून हाताने पायांवर टाकतात. पायाला लागला किंवा झेल गेला की बाद. प्रचलित नियमात फलंदाजाला पाय हलवता येत नाहीत, म्हणून बॅट पायाजवळ आणि हात सैल ठेवावे लागतात. कोणी रांगेत ताटकळत नाही, सगळ्यांच्या हाती सारखा चेंडू येतो. उणीव एवढीच की पदलालित्य यातून शिकता येत नाही. त्यासाठी जमिनीवर खडूने पुढे-मागे दोन वर्तुळे काढतात: चेंडूचा टप्पा जवळ पडला तर पुढच्या वर्तुळात पाय, आखूड, म्हणजे फलंदाजापासून लांबच, पडला तर मागच्या.

महाराष्ट्रातील वाड्या, चाळी आणि इमारतींच्या आवारांत हेच शिक्षण कोणी आखून न देता चालत आले आहे. अंडरआर्म गोलंदाजी, भिंतीला थेट लागला तर आऊट, एक टप्पा एका हाताने पकडला तरी आऊट, असे नियम जागेच्या अडचणीतून निघाले, पण त्यांनी चेंडू जमिनीलगत ठेवायला आणि मोकळी जागा शोधायला शिकवले. सर्वांत लहान मुलाला ‘कच्चं लिंबू’ म्हणून घेण्याची प्रथा तर प्रशिक्षकांनी अभ्यासावी अशी आहे. तो खेळात असतो, बॅटिंगही मिळते, पण आऊट मोजला जात नाही. इंग्लंडमध्ये लहान गटांसाठी खेळल्या जाणाऱ्या जोडी क्रिकेटमागेही हाच विचार आहे. तेथे प्रत्येक जोडी ठरावीक षटके खेळते, बाद झाल्यास धावा वजा होतात, पण मूल मैदान सोडत नाही. पहिल्याच चेंडूवर बाद होऊन तासभर बसणारे मूल काहीच शिकत नाही, हे दोन्हीकडे ओळखलेले दिसते.

मर्यादा : टेनिसचा चेंडू उंच उसळतो, त्यामुळे आडवा पट्टा (आडव्या बॅटचा फटका) फिरवण्याची सवय जडते आणि सीझन बॉल, म्हणजे चामड्याचा कठीण चेंडू, समोर आल्यावर ती त्रास देते. कठीण चेंडूची भीती बसली तर मूल लेगला, म्हणजे चेंडूच्या रेषेपासून दूर, सरकू लागते. अशा वेळी दटावण्याऐवजी काही दिवस मऊ चेंडूवर परत यावे. सीझन बॉल सुरू करताना हेल्मेट, पॅड आणि ग्लोव्ह्ज हवेतच, आणि या टप्प्यावर नेटमधील नेमका सरावही आवश्यक ठरतो. मात्र तिथेही खेळ सोडायचे कारण नाही. शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर सचिन तेंडुलकरच्या स्टंपवर एक रुपयाचे नाणे ठेवत. जो त्याला बाद करील त्याचे ते नाणे. कोणालाच जमले नाही तर सचिनचे. अशी तेरा नाणी तेंडुलकरने जपून ठेवली आहेत.