आफ्रिकन किलीफिश पालन

आफ्रिकन किलीफिश पालन : आफ्रिकेतील ओढे, दलदली व पावसाळी डबक्यांत राहणारे, बहुधा 5 ते 7 सेंमी लांबीचे रंगीत मासे घरच्या टाकीत पाळणे व त्यांची पिल्ले काढणे. डच भाषेत ओढ्याला ‘किल’ म्हणतात, त्यावरून हे नाव पडले. ठार मारण्याशी त्याचा संबंध नाही. (नर आपसांत भांडतात, हे मात्र खरे.) रंग नरांकडे, माद्या मळकट तपकिरी.

पाळणाऱ्याच्या दृष्टीने यांच्या दोन तऱ्हा. गॅबनचा अफिओसेमिऑन ऑस्ट्रेल किंवा नायजेरिया-कॅमेरूनचा फंडुलोपँचॅक्स गार्डनेरी हे वर्षभर न आटणाऱ्या पाण्यात राहणारे. टाकीत सोडलेल्या लोकरीच्या झुपक्यात, म्हणजे मॉपमध्ये, ते अंडी चिकटवतात. अंडे राजगिऱ्याच्या दाण्याएवढे आणि इतके टणक की बोटांनी वेचता येते. गार्डनेरीची पिल्ले दोन-तीन आठवड्यांत निघतात. नवख्याने सुरुवात यानेच करावी.

दुसरी तऱ्हा पूर्व आफ्रिकेतील नोथोब्रँकियसची. डबके आटण्याआधी हे मासे चिखलात अंडी घालतात आणि मरतात. अंडी कोरड्या मोसमात थांबून राहतात व पुढच्या पावसात फुटतात. झिंबाब्वेतून 1971 मध्ये वर्णन झालेला नो. फुर्झेरी काही महिनेच जगतो, म्हणून वार्धक्याच्या संशोधनात तो प्रयोगशाळेचा मासा झाला. त्याचा जीनोम 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. घरी चिखलाऐवजी उकळून धुतलेले कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, डब्यात ठेवतात. आठवड्या-दोन आठवड्यांनी ते गाळून, पिळून, पिशवीत बंद करतात. किती ओल ठेवावी हे सांगताना जुने शौकीन ओलसर तंबाखूची उपमा देतात. नागपुरात खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण) म्हटले की पुरे. नोथोब्रँकियसच्या जातींपैकी गुंथेरीची अंडी साधारण दोन-तीन महिने, राखोवीची सहा महिन्यांपर्यंत किंवा अधिक थांबवावी लागतात. अंड्यात डोळे स्पष्ट दिसू लागले की पीटवर गार पाणी ओततात आणि काही तासांत पिल्ले पोहू लागतात. सगळी अंडी एकदम फुटत नाहीत, म्हणून तेच पीट वाळवून पुन्हा भिजवतात. पिल्लांना पहिल्या दिवसापासून नुकतेच फुटलेले आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातले बारीक कवचधारी जीव, लागते.

नागपुरात खरी अडचण उन्हाळ्याची. यांना 22 ते 26 अंश पाणी मानवते आणि नवतप्यात इथला पारा 45 च्या वर जातो. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, अंड्यांना बुरशी धरते. मात्र इथली उष्णता कोरडी आहे, हा फायदा. टाकीवर काचेऐवजी बारीक जाळी लावून वर पंखा फिरवला की बाष्पीभवनाने पाणी काही अंश उतरते. कूलरचे तत्त्व तेच. जाळी तशीही हवीच, कारण किली उड्या मारून बाहेर पडतात. आटलेल्या पाण्याची भर मात्र आरओच्या पाण्याने घालावी. क्षार मागेच राहतात. बोअरच्या पाण्याने भर घालत गेल्यास पाणी दिवसेंदिवस जड होते आणि अफिओसेमिऑनला मऊ पाणी लागते. पेंच-कन्हानचे नळाचे पाणी क्लोरीन काढून वापरावे. पाऊस सुरू होऊन हवा दमट झाली की पंख्याची मात्रा चालत नाही. मेपेक्षा जूनअखेरचे उकाड्याचे दिवसच जास्त सांभाळावे लागतात. पिल्ले काढण्याचा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. थंडीच्या कडाक्यात रात्री हीटर लागतो, पण हीटर लावणे टाकी गार ठेवण्यापेक्षा कितीतरी सोपे. उन्हाळ्यात पीटच्या पिशव्या माठाजवळच्या गार कोपऱ्यात ठेवाव्यात.

नोथोब्रँकियसला मखमली रोग लवकर जडतो. अंगावर सोनेरी भुकटी दिसू लागते. पाण्यात थोडे मीठ ठेवल्यास त्याला आळा बसतो.

पिशवीवर जात, तारीख आणि मूळ ठिकाण लिहितात. एकाच जातीचे दोन ठिकाणचे मासे एकत्र ठेवत नाहीत, कारण माद्या सारख्याच दिसतात आणि एकदा मिसळल्या की वेगळ्या काढता येत नाहीत.