६२७व्या जागेवरचे अमिनो आम्ल

फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे एच५एन१ बर्ड फ्लूची भारतातील पहिली नोंद झाली, तेव्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या; परंतु त्या साथीत माणसाला लागण झाल्याचे सिद्ध झाले नाही. पक्ष्यांचा विषाणू माणसाच्या घशातील पेशींना नीट चिकटू शकत नाही, हे याचे एक कारण आहे. दुसरे कारण पेशीच्या आत आहे आणि मला ते अधिक महत्त्वाचे वाटते, कारण असा विषाणू आत शिरला तरी माणसाच्या पेशीत त्याच्या प्रती फारशा निघत नाहीत.

इन्फ्लुएन्झा विषाणूची सगळी जनुकीय माहिती आरएनएच्या आठ तुकड्यांत, सुमारे साडेतेरा हजार अक्षरांत मावते. या तुकड्यांच्या प्रती काढणारे पॉलिमरेज हे त्याचे स्वतःचे विकर पीबी१, पीबी२ आणि पीए या तीन प्रथिनांचे बनलेले असते, पण ते एकट्याने फार काही करू शकत नाही. प्रथिने तयार करण्याचा संदेश पेशीने वाचावा यासाठी त्या संदेशाच्या टोकाला एक रासायनिक टोपी लागते आणि ती विषाणूला बनवता येत नाही. म्हणून त्याचे पॉलिमरेज केंद्रकात जाऊन पेशीच्या आरएनए पॉलिमरेज-२ ला चिकटते, पेशीने नुकत्याच लिहिलेल्या आरएनएचे टोपीसकट दहा-तेरा अक्षरांचे टोक कापून घेते आणि त्यालाच पुढे आपला संदेश जोडते.

संदेश तयार झाले तरी मूळ जनुकांच्या प्रती काढण्याचे काम उरतेच. त्यासाठी पेशीतील एएनपी३२ए हे प्रथिन महत्त्वाचे असते, असे लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमधील संशोधकांनी २०१६ साली दाखवून दिले. पुढे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या रचनाचित्रांत हे प्रथिन दोन पॉलिमरेजांच्या मध्ये पुलासारखे बसलेले दिसले. त्यातले एक पॉलिमरेज प्रत काढते आणि दुसरे नव्या आरएनएचे टोक धरून त्याचे आवरण सुरू करण्याच्या तयारीत असते.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी; कोंबडीच्या एएनपी३२ए मध्ये ३३ अमिनो आम्लांचा एक जादा भाग असतो आणि माणसाच्या प्रथिनात तो नसतो. कोंबडीत वाढलेल्या विषाणूच्या पॉलिमरेजला या जादा भागाची सवय झालेली असल्यामुळे माणसाच्या आखूड प्रथिनाशी त्याचे जुळत नाही. पीबी२ मधील ६२७व्या जागी पक्ष्यांच्या विषाणूत सहसा ऋण भाराचे ग्लुटामिक आम्ल असते. तेथे धन भाराचे लायसिन आले की हा अडसर बराचसा दूर होतो. एएनपी३२ए ची शेपटी ऋण भाराने भरलेली असल्यामुळे धन भार तिला जवळ ओढत असावा, असे मानले जाते. १९१८ च्या महासाथीच्या विषाणूत ६२७व्या जागी लायसिनच होते, आणि २०२४ मध्ये अमेरिकेतील टेक्सासमध्ये दुभत्या गाईंच्या संपर्कातून बाधित झालेल्या कामगाराच्या विषाणूतही तेच आढळले. शहामृगाच्या एएनपी३२ए मध्येही हा ३३ अमिनो आम्लांचा भाग नसतो. म्हणून पक्षी असूनही त्याच्या शरीरात विषाणूला हाच बदल उपयोगी पडतो.

मग कोंबडीचेच एएनपी३२ए बदलले तर? एडिंबरा येथील रोझलिन संस्थेच्या आणि इम्पिरियल कॉलेजच्या संशोधकांनी जनुक संपादनाने या प्रथिनातील फक्त दोन अमिनो आम्ले बदललेल्या कोंबड्या तयार केल्या आणि त्यांचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. नैसर्गिक संसर्गात असतो तेवढ्या विषाणूला सामोऱ्या गेलेल्या दहापैकी नऊ कोंबड्यांना लागण झाली नाही. मात्रा मुद्दाम खूप वाढवल्यावर मात्र निम्म्या कोंबड्या बाधित झाल्या, आणि त्यांच्यातून निघालेल्या विषाणूंचे पॉलिमरेज बदललेले होते. बदललेल्या एएनपी३२ए शी त्यांनी थोडेफार जुळवून घेतले होतेच, शिवाय एरवी न वापरली जाणारी एएनपी३२बी आणि एएनपी३२ई ही भावंड प्रथिनेही ते वापरू लागले होते. प्रयोगशाळेत कोंबडीच्या पेशींतील ही तिन्ही जनुके काढून टाकली तेव्हाच विषाणूची वाढ थांबली. पण तिन्ही नसलेली कोंबडी निरोगी जगेल का, हे अजून ठरायचे आहे.

निसटलेल्या त्या विषाणूंच्या पीबी२ मधील एक बदल ६३१व्या जागी, म्हणजे ६२७ पासून अवघ्या चार जागांवर होता. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील गाईंमध्ये एच५एन१ पसरला, तेव्हा त्यांच्यातील बहुतेक विषाणूंत नेमका तोच बदल आढळला.