‘ॲल्ब्युमिन : नील’ म्हणजे किडनी ठीक?

मे महिन्यात सोलापूरचा पारा ४२-४३ अंशांवर चढतो. पत्र्याच्या शेडमध्ये यंत्रमागावर उभ्या असलेल्या माणसाच्या अंगातलं पाणी घामावाटे जातं, आणि दुपारी लघवी होते ती थोडीशी, गर्द पिवळी. त्याच माणसाने संध्याकाळी दोन तांबे पाणी प्यायलं की लघवी पाण्यासारखी. किडनी तीच, नमुने मात्र दोन तऱ्हांचे. लघवीत पट्टी बुडवून केलेली ॲल्ब्युमिनची साधी तपासणी नेमकी इथेच फसते.

किडनीतल्या गाळण्या शाबूत असतील तर ॲल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन लघवीत जवळजवळ उतरतच नाही. मधुमेहाने किंवा रक्तदाबाने गाळण्या खराब होऊ लागल्या की ते थोडंथोडं झिरपतं. पट्टीचा रंग बदलायला मात्र लिटरमागे साधारण १५० ते ३०० मिलिग्रॅम ॲल्ब्युमिन लागतं. त्याहून कमी असेल तर रिपोर्टवर ‘नील’, म्हणजे ‘काहीच नाही’. क्रिएटिनिन हा स्नायूंमधून निघणारा टाकाऊ पदार्थ किडनी बाहेर टाकते. त्याच्या रक्तातल्या आकड्याचीही तीच गत: किडनीचं काम निम्म्यावर येईपर्यंत तो आकडा बऱ्याचदा नॉर्मलच्या रकान्यात राहतो.

यावर उपाय गुणोत्तराचा. स्नायूंमधून निघणारं क्रिएटिनिन रोज साधारण सारख्याच प्रमाणात लघवीत येतं. म्हणून एकाच नमुन्यात ॲल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन दोन्ही मोजून भागाकार केला की पाणी कमी-जास्त प्यायल्याचा फरक बराचसा निघून जातो. समजा, दुपारच्या गर्द नमुन्यात लिटरमागे ४० मिलिग्रॅम ॲल्ब्युमिन आणि २ ग्रॅम क्रिएटिनिन आहे: गुणोत्तर २०, म्हणजे ग्रॅमभर क्रिएटिनिनमागे २० मिलिग्रॅम ॲल्ब्युमिन. दुसऱ्या कुणाच्या पातळ लघवीत ॲल्ब्युमिन फक्त १५ मिलिग्रॅम, पण क्रिएटिनिन ०.३ ग्रॅम: गुणोत्तर ५०. नुसतं ॲल्ब्युमिन पाहिलं तर काळजी पहिल्याची वाटेल. खरी काळजी दुसऱ्याची आहे. ३० च्या आत ठीक, ३० ते ३०० म्हणजे गळती सुरू झालेली, ३०० च्या वर जास्त गळती.

लॅबमध्ये ही तपासणी ‘युरिन एसीआर’ (ॲल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो) म्हणून मागावी. ‘लघवी रुटीन’ सांगितलं तर पट्टीच बुडवली जाईल. नमुना सकाळच्या पहिल्या लघवीचा, सुरुवातीची धार सोडून मधली. २४ तास डबा घेऊन फिरण्याची गरज नाही. ताप, लघवीचा संसर्ग, मासिक पाळी किंवा आदल्या दिवशीचे अंगमेहनतीचे कष्ट यांनी आकडा फुगतो. उसाच्या तोडणीवरून आलेल्या मजुराचा दुसऱ्याच दिवशीचा नमुना म्हणूनच बेभरवशाचा. आकडा वाढलेला दिसला तरी तीन ते सहा महिन्यांत तीनपैकी दोन नमुने वाढीव आल्याशिवाय शिक्का मारत नाहीत. आणखी एक खोच: अगदी हडकुळ्या माणसाचं क्रिएटिनिनच कमी, त्यामुळे त्याचं गुणोत्तर उगाच मोठं दिसू शकतं. टाइप २ मधुमेह कळल्या दिवसापासून दर वर्षी ही तपासणी करायची असते. टाइप १ मध्ये पाच वर्षांनंतर सुरुवात.

ॲल्ब्युमिन सांगतं ते मुख्यतः गाळणीबद्दल. उन्हात पाणी तुटलेलं असताना कंबरदुखीसाठी डायक्लोफेनॅकसारखी गोळी घेतली, तर किडनीकडचा रक्तप्रवाह घटतो आणि इजा गाळणीपुढच्या नलिकांना होऊ शकते. या गोळ्या मेडिकलवर सहज मिळतात, हीच मोठी अडचण. नलिकांच्या पेशी दुखावल्या की ‘एनगॅल’ आणि ‘किम-१’ ही प्रथिनं लघवीत वाढतात. एनगॅल काही तासांतच वर जातं. रक्तातलं क्रिएटिनिन वाढायला एक-दोन दिवस जातात. हृदयाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर किंवा अतिदक्षता विभागात हा वेळ मोलाचा ठरतो. मधुमेह्याने दर वर्षी करण्याची तपासणी मात्र ही नव्हे. एनगॅल पांढऱ्या पेशींमध्येही असतं, त्यामुळे लघवीच्या साध्या संसर्गातही ते वाढतं. नलिका बिघडल्या की लघवीत वाढणारं आणखी एक प्रथिन म्हणजे बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन. त्याची तऱ्हा वेगळी: लघवी आम्लधर्मी असली की ते मूत्राशयातच मोडतं आणि आकडा खोटाच कमी येतो. म्हणून नलिकांसाठी पुष्कळदा त्याऐवजी अल्फा-१ मायक्रोग्लोब्युलिन हे प्रथिन मोजलं जातं. ते अशा लघवीतही टिकतं.