काचेचे फुटणे

काचेच्या पृष्ठभागावरील एखादी सूक्ष्म चीर ताणाखाली वेगाने वाढत जाऊन वस्तूचे तुकडे होण्याची क्रिया. काच ठिसूळ असते हे खरे, पण ती दुबळी असते हा समज चुकीचा आहे. सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्या अणूंमधील बंध इतके बळकट असतात, की निर्दोष काचेने १०,००० मेगापास्कलच्या (मेगापास्कल हे ताण मोजण्याचे एकक) आसपास ताण सोसावा असे गणित सांगते. खिडकीची साधी काच मात्र बहुधा ३० ते १०० मेगापास्कलमध्येच तुटते. बळ शंभर पटींनी किंवा त्याहूनही अधिक घटते, याला पृष्ठभागावरील बारीक दोष कारणीभूत असतात.

सपाट पत्र्यातील लंबगोल छिद्राच्या टोकाशी ताण अनेक पटींनी वाढतो, हे ब्रिटिश अभियंते चार्ल्स इंग्लिस यांनी १९१३ मध्ये दाखवले. छिद्र जितके अरुंद, तितकी ही वाढ मोठी; चीर म्हणजे असेच अतिशय अरुंद छिद्र. १९२१ मध्ये ब्रिटिश अभियंते ए. ए. ग्रिफिथ यांचा काचेवरील निबंध प्रसिद्ध झाला. त्यांच्या प्रयोगांत सुमारे १ मिलिमीटर जाडीची काचेची कांडी १७० मेगापास्कलच्या आसपास तुटली, तर सुमारे ३ मायक्रोमीटर (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रोमीटर) जाडीच्या ताज्या तंतूने ३,४०० मेगापास्कलपर्यंत तग धरला. पदार्थ तोच, फरक पडला तो चिरांच्या आकाराने. चीर वाढताना दोन नवे पृष्ठभाग तयार होतात आणि त्यासाठी ऊर्जा लागते. ताणलेल्या काचेतून सुटणारी ऊर्जा तेवढी भरली, की चीर आपोआप धावू लागते, हा ग्रिफिथ यांचा निष्कर्ष भंगविज्ञानाचा, म्हणजे पदार्थ कसे फुटतात याच्या अभ्यासाचा, पाया ठरला.

धातूतही चिरा असतात, पण तेथे अणूंचे थर एकमेकांवरून सरकतात आणि चिरेचे टोक बोथट होते. काचेतील अणूंची मांडणी अस्फटिकी, म्हणजे नियमित रचना नसलेली, असून तिच्यात असे सरकणारे थर नाहीत, त्यामुळे टोक तीक्ष्णच राहते. दाबाखाली चीर मिटते, ताणाखाली उघडते. म्हणून काच दाब पुष्कळ सोसते आणि ताणाने हरते. वाकवलेल्या काचेची चीर फुगीर बाजूने सुरू होते ती यामुळेच.

यावरून एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी: काचेला ठरावीक बळ नसते, असते ती फुटण्याची शक्यता. एकाच साच्यातून निघालेल्या दोन वस्तू वेगवेगळ्या भाराला फुटतात, कारण प्रत्येकीवरचा सर्वांत वाईट दोष वेगळा असतो. तावदान जितके मोठे, तितका त्यावर घातक चरा असण्याचा संभव अधिक. कडा सर्वांत धोक्याच्या, कारण कापताना तेथे बारीक टवके उडतात. कडा घासून गुळगुळीत केल्या तर काच पुष्कळ टिकते.

पाण्याचा वाटा बऱ्याचदा दुर्लक्षित राहतो, पण तो मोठा आहे. हवेतील बाष्पाचे रेणू चिरेच्या टोकाशी पोचतात आणि ताणलेले सिलिकॉन-ऑक्सिजन बंध तोडतात. अमेरिकी पदार्थवैज्ञानिक शेल्डन वीडरहॉर्न यांनी १९६७ मध्ये दमट हवेत चीर किती वेगाने सरकते हे मोजून दाखवले. म्हणूनच क्षणभर सोसलेला भार तीच काच महिनोन्‌महिने सोसेलच असे नाही. कोणी हात न लावता काच तडकली, तर त्यामागे अशी हळूहळू वाढलेली चीर असू शकते.

तापमानातील फरकही ताण निर्माण करतो. साधी काच १ अंश सेल्सिअसने तापली, की दर मीटरला सुमारे ९ मायक्रोमीटर वाढते. बोरोसिलिकेट काच सुमारे ३.३ आणि शुद्ध सिलिका काच जेमतेम अर्धा मायक्रोमीटर. साध्या काचेच्या दोन भागांत ५० अंशांचा फरक पडला आणि प्रसरण पूर्ण अडले, तर ३० ते ४० मेगापास्कल ताण येतो, म्हणजे चरे पडलेल्या काचेला पुरेसा. जाड काचेतून उष्णता उशिरा पोचते, म्हणून पातळ पेल्यापेक्षा जाड पेलाच कढत पाण्याने लवकर तडकतो. तापलेली काच एकदम थंड करणे तर अधिक घातक, कारण आकसणाऱ्या पृष्ठभागावरच ताण येतो. उन्हात मधोमध तापलेल्या आणि चौकटीत कडा थंड राहिलेल्या तावदानाचेही असेच होते.

यावरील उपाय पृष्ठभाग आधीच दाबाखाली ठेवण्याचा आहे. सुमारे ६२० अंशांपर्यंत तापवून हवेच्या झोताने झटपट थंड केलेली टफन्ड काच साध्या काचेच्या चार-पाच पट बळकट होते. पोटात मात्र ताण साठलेला असतो. चीर तेथवर पोचली, की सगळी काच एका क्षणात बारीक तुकड्यांत विखुरते. तिच्यात निकेल सल्फाइडचा कण अडकला असेल, तर तो काही वर्षांनीही प्रसरण पावून ती फोडू शकतो. लॅमिनेटेड काच फुटते, पण मधल्या प्लॅस्टिकच्या थराला तुकडे चिकटून राहतात.

धावती चीर साध्या काचेत सेकंदाला सुमारे १,५०० मीटर वेग गाठते आणि पुढे फाटे फोडते. तुकड्यांवरून फुटण्याचे मूळ शोधता येते. आरंभबिंदूभोवती आरशासारखा गुळगुळीत भाग असतो, त्यापलीकडे धूसर पट्टा आणि मग खडबडीत रेषा. आरशासारखा भाग जितका लहान, तितका फुटतेवेळी काचेवरचा ताण जास्त होता.