जर्मनीत जुन्या टुरिंग बाइकला ट्रेलर हुक: कागद कुठे अडकतात

जर्मनीत होंडाची जुनी गोल्डविंग घेतलेले आपले बरेच जण आधी ऑनलाइन हुक मागवतात, शनिवारी बसवून टाकतात आणि सोमवारी त्याचे कागद शोधायला लागतात. कृपा करून उलटं करा, हातात कागद आल्याशिवाय हुकला पैसे देऊ नका. इथे गोल्डविंगचं जीएल १५०० मॉडेल धरून सांगतोय, पण बाकी जुन्या टुरिंग बाइकना पण हाच नियम आहे.

मुख्य कागद म्हणजे हुकचं टाइलगुटआख्टन, त्या पार्टचा तपासणी अहवाल. विकणारा म्हणतो "पेपर्स आहेत" आणि पेपर्स खरंच असतात, पण ते तुमच्या गाडीचे आहेत का हे कोणी बघतच नाही. आत गाड्यांची यादी असते. तुमच्या फारत्सॉइगशाइनमध्ये, म्हणजे आपल्या आरसीमध्ये, डी.२ या रकान्यात गाडीचा टाइप असतो, तो त्या यादीत सापडला पाहिजे. जीएल १५०० चा टाइप एससी२२. यादीत फक्त एससी४७ असेल तर तो कागद नंतरच्या जीएल १८०० मॉडेलचा, हुक तुमच्या फ्रेमवर बसला तरी तुमच्या कामाचा नाही. "पण बसतोय की" हे तपासणारा इंजिनिअर ऐकून घेत नाही, आणि इतक्या लांब गाडी घेऊन गेलेल्या माणसाचा तिथे पडलेला चेहरा बघवत नाही.

टाइप जुळला तर जर्मन वाहन नियमांच्या (StVZO) कलम १९(३) खाली काम होतं: हुक बसवा, ट्यूफ किंवा डेक्रा या तपासणी संस्थांची अपॉइंटमेंट घ्या, दाखवा, शिक्का घ्या. नाही जुळला तर कलम २१, म्हणजे त्या एका गाडीची वेगळी मंजुरी. हे प्रत्येक शाखेत होत नाही, त्यासाठी मान्यताप्राप्त तज्ज्ञ लागतो, म्हणून गाडी न्यायच्या आधी त्याच्याशी फोनवर बोला आणि हुकचे फोटो पाठवा. गोल्डविंग अमेरिकेतल्या ओहायोत बनायची, त्यामुळे जुन्या गाड्यांवर अमेरिकन हुक खूप दिसतात, कुठलाही ई-नंबर, म्हणजे युरोपियन मंजुरीचा शिक्का, नसलेले. त्यांच्या मजबुतीचा पुरावा कोण देणार? कोणीच देत नाही. असा हुक स्वस्तात मिळाला तरी सोडून द्या.

हुकच्या प्लेटवर डी-व्हॅल्यू, म्हणजे हुक किती ओढ सहन करतो तो आकडा, असते ती पण वाचा. बाइक माणसासामानासकट ६०० किलो आणि ट्रेलर भरून २०० किलो असेल तर गणित येतं ९.८१ × ०.६ × ०.२ ÷ ०.८, म्हणजे साधारण १.४७ किलोन्यूटन. प्लेटवरचा आकडा याच्या खाली नको.

किती ओढता येईल हा दुसरा गैरसमज. बिनब्रेकच्या ट्रेलरला कायद्याची वरची मर्यादा म्हणजे बाइकच्या रिकाम्या वजनात ७५ मिळवून त्याचं अर्ध. बाइक ४०० किलोची धरली तर २३७ होतात. पण हुकच्या अहवालात यापेक्षा कमी लिहिलं असेल तर कमी तेच खरं.

आता मुदत, इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. तपासणीनंतर मिळणाऱ्या कागदावर, गाडीच्या पेपरमध्ये नोंद कधी करायची ते छापलेलं असतं: लगेच, की पुढच्या वेळी नोंदणी ऑफिसात काम निघेल तेव्हा. ती ओळ न वाचता लोक पुढच्या हाउप्टउंटरझूखुंगपर्यंत, म्हणजे गाडीच्या ठरावीक काळाने होणाऱ्या तपासणीपर्यंत, थांबतात. कलम २१ मध्ये तर तज्ज्ञाचा रिपोर्ट म्हणजे परवानगी नव्हेच, परवानगी त्सुलासुंगश्टेले, म्हणजे नोंदणी ऑफिस, देतं, आणि तोपर्यंत त्या मंजुरीच्या कामासाठीच गाडी चालवता येते, टूरला नाही. एका ऑफिसने हे न सांगताच एकाला परत पाठवलेलं बघितलंय, तीन वाक्यात सांगता आलं असतं हो!

तिथे जाताना गाडीच्या नोंदणीच्या पेपरचे दोन्ही भाग, ओळखपत्र आणि रिपोर्ट न्या, बाकी किरकोळ.

एक कागद मात्र कोणाकडे नसतो. ऑक्टोबर २००५ च्या आधीच्या गाड्यांना जुना फारत्सॉइगब्रीफ, म्हणजे गाडीचा मुख्य नोंदणी कागद, होता. नवीन पेपर काढताना तो रद्द करून मालकाला परत मिळायचा. त्यात २८ आणि २९ नंबरला ओढायचं वजन आणि ३३ ला शेरे असायचे. आधीच्या मालकाने हुकची नोंद केली असेल आणि नवीन पेपरमध्ये ती गळली असेल, तर पुरावा तिथेच सापडतो. म्हणून गाडी घेताना विकणाऱ्याकडून तो रद्द झालेला ब्रीफ मागून घ्याच, रद्दी समजून टाकून देतात लोक.

ट्रेलरचं वेगळं: रुंदी १ मीटरच्या आत, एकाच चाकजोडीचा असेल तर स्वतंत्र नंबर लागत नाही, मागे बाइकचाच नंबर पुन्हा लावायचा, पण ट्रेलरची स्वतःची बेट्रीब्सएरलाउबनिस, म्हणजे रस्त्यावर वापरायची मंजुरी, सोबत ठेवायची. विमा कंपनीला लेखी कळवा आणि उत्तर जपून ठेवा. आणि ट्रेलर लावल्यावर ऑटोबानवर पण वेगाची मर्यादा ६० आहे, कार-ट्रेलरची ८० बघून आपलीही ८० धरू नका.