समुद्री प्लास्टिकची पन्नास किलोमीटरची हद्द

शाम्पूची बाटली, बूट, पोहण्याचे कपडे, संगणकाचा माउस, गॉगल. गेल्या दहा-बारा वर्षांत या साऱ्यांवर 'समुद्रातल्या प्लास्टिकपासून बनवलेले' असा शिक्का दिसू लागला आणि त्यासाठी ग्राहक चार पैसे जास्तही मोजू लागला. शिक्का एकच असला तरी त्यामागचा माल तीन ठिकाणांहून येतो: खुल्या समुद्रातून, किनाऱ्यावरून आणि किनाऱ्यापासून बऱ्याच आत वसलेल्या गावा-शहरांतून. सध्या चलती आहे ती तिसऱ्याची.

समुद्राच्या पृष्ठभागावर प्लास्टिकचे कण तरंगतात, हे सारगॅसो समुद्रातल्या नमुन्यांवरून १९७२ मध्येच प्रसिद्ध झाले होते. फारसे कोणी लक्ष दिले नाही. १९९७ मध्ये हवाईहून कॅलिफोर्नियाला शिडाच्या नौकेने परतणाऱ्या एका कप्तानाला प्रशांत महासागराच्या मधोमध कचरा दिसला आणि वर्तमानपत्रांना 'कचऱ्याचे बेट' सापडले. उभे राहता येईल असे बेट तिथे नव्हते आणि आजही नाही. पण चित्र डोक्यात बसले ते बसलेच, आणि पुढे माल विकणाऱ्यांना तेच उपयोगी पडले.

दुकानाच्या फळीवर पोचलेल्या सुरुवातीच्या वस्तूंपैकी एक म्हणजे २०१२ साली अमेरिकेत आलेली साबणाची बाटली. हवाईच्या किनाऱ्यांवर स्वयंसेवकांनी वेचलेले प्लास्टिक तिच्यात होते, पण जेमतेम दहावा हिस्सा. बाकीचा माल घरगुती कचऱ्यातून पुनर्वापरात आलेला. बाटलीचा रंग गडद करडा. रंगीबेरंगी तुकडे एकत्र वितळवले की असाच रंग येतो आणि तो पांढरा करण्याची सोय नसते. त्यात उन्हाने ठिसूळ झालेले, मीठ-वाळू चिकटलेले, जातीजातींचे मिसळलेले प्लास्टिक म्हणजे कारखानदाराची डोकेदुखी. ते धुवायचे, निवडायचे आणि वर नवा माल मिसळून त्याला ताकद आणायची. खर्च बसतो तो इथे.

आणखी एक अडचण आहे, ती जाहिरातीत कधी दिसत नाही. पाण्याच्या बाटल्यांचे पीईटी जातीचे प्लास्टिक समुद्राच्या पाण्यापेक्षा जड असते. झाकण लावलेली रिकामी बाटली तरंगते, पण फुटली किंवा तुकडे झाले की तळाशी जाते. पॉलिएस्टरचे धागे मात्र याच पीईटीपासून होतात. त्यामुळे 'समुद्री प्लास्टिक'चा टीशर्ट म्हटला की त्याचा कच्चा माल भर समुद्रातून आलेला नसणार, किनाऱ्यावर किंवा त्याच्याही अलीकडे गोळा झालेला असणार, हे कारखान्यात न जाताही सांगता येते. महासागरात तरंगत राहतात ती पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलिनची डबडी, क्रेट, दोर आणि जाळी. २०१८ च्या एका मोजणीत प्रशांत महासागरातल्या त्या तथाकथित 'कचऱ्याच्या बेटा'तल्या प्लास्टिकचे वजन सुमारे ७९ हजार टन निघाले, आणि त्यातले ४६ टक्के मासेमारीच्या जाळ्यांचे होते.

जून २०१५ मध्ये न्यूयॉर्कला एका आंतरराष्ट्रीय बैठकीत एक बूट दाखवला गेला. अंटार्क्टिकाजवळ बेकायदा मासेमारी करणाऱ्या जहाजाचा पश्चिम आफ्रिकेपर्यंत ११० दिवस पाठलाग झाला, त्या मोहिमेत जप्त केलेल्या जाळ्यांपासून तो बनवला होता. गोष्ट जबरदस्त होती. नोव्हेंबर २०१६ मध्ये प्रत्यक्ष विक्रीला आलेल्या ७ हजार जोडांचा धागा मात्र मालदीवच्या किनाऱ्यांवर गोळा केलेल्या प्लास्टिकचा होता, आणि पुढच्या वर्षी विक्री दहा लाख जोडांवर गेली. दहा लाख जोड पाठलागाच्या जाळ्यांतून निघणार नव्हते, हे उघड आहे. तरी लोकांच्या लक्षात राहिली ती जाळ्यांचीच गोष्ट.

तो बूट दाखवला गेला त्याच वर्षी, फेब्रुवारी २०१५ मध्ये, एक शोधनिबंध आला होता. आज लेबलांवर जो गोंधळ आहे त्याचे मूळ तिथे आहे. २०१० साली किती प्लास्टिक समुद्रात गेले याचा तो अंदाज होता: १९२ किनारी देशांतून ४८ लाख ते १ कोटी २७ लाख टन. हिशेबासाठी संशोधकांनी किनाऱ्यापासून ५० किलोमीटरच्या आत राहणारी लोकसंख्या धरली. कुठेतरी रेघ मारावी लागते, ती त्यांनी तिथे मारली. पट्ट्यातल्या माणसांचा कचरा किती, त्यातला नीट न हाताळलेला किती, आणि त्यातला समुद्रात जाणारा किती, अशी ती पायरीपायरीची मांडणी होती.

काही वर्षांत ही ५० किलोमीटरची रेघ निबंधातून उचलली गेली आणि व्याख्या बनली. जिथे कचऱ्याची व्यवस्था नाही किंवा कच्ची आहे, अशा ठिकाणी किनाऱ्यापासून ५० किलोमीटरच्या आत उचललेले प्लास्टिक म्हणजे 'ओशन-बाउंड प्लास्टिक', समुद्राकडे निघालेले प्लास्टिक. २०२० मध्ये या नावाने प्रमाणपत्रही मिळू लागले. प्रमाणपत्रात पोटप्रकार आहेत. किनाऱ्यालगतचे वेगळे, नदी-नाल्याकाठचे वेगळे, मासेमारीच्या सामानाचे वेगळे, आणि ५० किलोमीटरच्या पट्ट्यातले 'संभाव्य' वेगळे. कागदावर हा भेद चोख आहे. बाटलीवर येईपर्यंत 'संभाव्य' गळून पडते आणि कासवाचे चित्र उरते.

आक्षेप घेणाऱ्यांचे बोट त्याच निबंधाकडे असते. पट्ट्यातल्या नीट न हाताळलेल्या प्लास्टिकपैकी १५ ते ४० टक्के समुद्रात जाते, असे तिथेच गृहीत धरले आहे. म्हणजे निम्म्याहून बराच जास्त माल जमिनीवरच राहतो. हे टक्केही आले ते सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या परिसरातल्या आकडेवारीवरून. पुढे २०२१ मध्ये नद्यांवर जो अभ्यास झाला, त्यात नद्यांवाटे समुद्रात जाणाऱ्या प्लास्टिकपैकी ८० टक्के हजारहून थोड्या जास्त नद्यांतून येते असे निघाले, आणि त्यांतल्या वरच्या नद्यांत आपली उल्हासही होती. नुसते किनाऱ्यापासूनचे अंतर पुरत नाही, नाल्यापासूनचे अंतर आणि पाऊसही महत्त्वाचा, असा त्याचा अर्थ.

आपल्याकडे ही रेघ ओढून पाहावी. मुंबई आत, कल्याण-डोंबिवली आत, चिपळूण आत, फोंडा आत. पुणे बाहेर. डोंबिवलीच्या सोसायटीतून भंगारवाल्याने किलोच्या भावाने उचललेली पाण्याची बाटली समुद्राकडे निघाली होती का? तिला भाव आहे. शिक्का नसतानाही ती उचललीच गेली असती, आजवर जातच होती. भाव नसतो तो वेफर्सच्या पाकिटांना, गुटख्याच्या पुड्यांना, शाम्पूच्या सॅशेंना. पहिल्या पावसात नाले तुंबवून खाडीत जाणारा माल तो हाच, आणि त्याचा बूटही होत नाही, माउसही होत नाही. प्रमाणपत्र देणाऱ्यांनी विकाऊ आणि बिनविकाऊ प्लास्टिकची वेगळी खाती ठेवली आहेत, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवे. ग्राहकाच्या हातात मात्र पहिल्या खात्यातलाच माल येतो.

दुसरी बाजू कमजोर नाही. समुद्रात गेल्यावर काढण्यापेक्षा जायच्या आधी अडवणे स्वस्त आणि शहाणपणाचे, यात वाद नाही. २०२० मध्ये खरोखरच भर महासागरातून काढलेल्या प्लास्टिकचे गॉगल विकले गेले, १९९ युरोला एक. तो भाव रोजच्या वस्तूला परवडणारा नाही. २०२१ मध्ये आलेल्या एका माउसमध्ये, नावातच समुद्र असूनही, कवचाच्या वजनाच्या २० टक्केच समुद्री प्लास्टिक होते. कंपनीने ते लपवले नाही, एवढे मान्य केले पाहिजे.

जाळ्यांची गोष्ट त्या मानाने सरळ. नायलॉनची जाळी एकाच जातीची, वजनदार आणि बंदरावरच गोळा करता येण्याजोगी. चिलीत २०१३-१४ पासून त्यांचे स्केटबोर्ड होऊ लागले. हिंदी महासागर आणि अरबी समुद्राच्या किनाऱ्यांवरून गोळा केलेल्या जाळ्यांपासून पुण्यात नायलॉनचे दाणे तयार होतात. २०२२ मध्ये एका नामांकित मोबाइलच्या आतल्या भागांत जुनी जाळी वापरल्याचा गाजावाजा झाला, तेव्हाही नायलॉनमधला जाळ्यांचा वाटा २० टक्के होता. इथेही पाण्यात हरवलेली जाळी कमी आणि कोळ्याने झिजली म्हणून टाकलेली जास्त. पण निदान ती समुद्रात जाऊन आलेली असतात.

नियम या सगळ्याच्या मागून आले. युरोपने मोघम पर्यावरणी दावे रोखणारा कायदा २०२४ च्या सुरुवातीला केला. तो २७ सप्टेंबर २०२६ पासून लागू होण्याचे ठरले. भारतात ऑक्टोबर २०२४ मध्ये ग्राहक संरक्षणाच्या मार्गदर्शक सूचना निघाल्या. 'हरित', 'पर्यावरणपूरक' असे शब्द वापरायचे तर पुरावा द्या, तपशील जाहिरातीत किंवा क्यूआर कोडमागे ठेवा, असे त्या सांगतात. किनाऱ्यापासूनच्या अंतराचा उल्लेख त्यांत नाही. डोंबिवलीची बाटली आणि बंदरावरचे जाळे अजूनही एकाच नावाने विकता येते. विचारणाऱ्याला कागद दाखवता आला पाहिजे, इतकेच.