दहा ग्रॅम प्रथिनांचा भाव

महिनाअखेर पैसे कमी पडायला लागले की घरात सगळ्यात आधी वरण पातळ होतं. तांदूळ-गहू तेवढेच राहतात, चहा-बिस्किटं चालू राहतात आणि डाळीचं माप वाटीवरून अर्ध्या वाटीवर येतं. पोट भरतं, पण प्रथिनं आणि लोह तुटपुंजं पडतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं दिसलं. पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये तर हे प्रमाण आणखी जास्त होतं. रक्तक्षयाची कारणं अनेक असतात, पण त्यातलं जे कारण ताटात आहे ते बऱ्याच अंशी त्याच पैशात दूर करता येतं. त्यासाठी आधी भाव मोजायची रीत बदलायला हवी.

दुकानात भाव किलोवर सांगतात. आपण तो दहा ग्रॅम प्रथिनांवर काढू. पदार्थाच्या एका किलोत किती ग्रॅम प्रथिनं आहेत त्या आकड्याने किलोच्या भावाला भागायचं आणि दहाने गुणायचं. भाव गावागणिक आणि हंगामागणिक बदलतात, म्हणून इथले भाव नमुन्याचे समजा आणि आपल्या दुकानातले घालून पुन्हा हिशोब करा. तूरडाळ १६० रुपये किलो धरली तर तिच्या किलोत साधारण २२० ग्रॅम प्रथिनं असतात, म्हणजे दहा ग्रॅमला सव्वासात रुपये पडले. मसूर डाळ १०० रुपये किलो आणि प्रथिनं २४० ग्रॅम. तिचे दहा ग्रॅम सव्वाचार रुपयांत येतात. शेंगदाणे १५० रुपये किलो असतील तर सहा रुपये. सोयाबीनच्या वड्यांमध्ये निम्म्याहून जास्त भाग प्रथिनांचाच असतो, त्यामुळे १४० रुपये किलोच्या वड्यांचे दहा ग्रॅम पावणेतीन रुपयांत बसतात. सात रुपयांच्या अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं, म्हणजे दहा ग्रॅमला साडेअकरा-बारा रुपये. साठ रुपये लिटरच्या दुधाचे अठरा-एकोणीस रुपये होतात. बिस्किटाच्या पुड्यावरचा पोषणाचा तक्ता वाचून हाच हिशोब केला, तर बिस्किटं बहुतेक वेळा डाळींपेक्षा कितीतरी महाग पडतात.

या हिशोबात गहू सगळ्यांना चकवतो. ३६ रुपये किलोच्या गव्हात किलोमागे ११० ग्रॅम प्रथिनं असतात, म्हणजे दहा ग्रॅमला सव्वातीन रुपये. मग नुसत्या पोळ्याच का खाऊ नयेत? अडचण अशी, की शरीर प्रथिनं जशीच्या तशी वापरत नाही. ती फोडून त्यातली अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे सुटे घटक, घेतं आणि आपल्याला हवी ती प्रथिनं नव्याने बांधतं. यातलं लायसिन नावाचं अमिनो आम्ल शरीर स्वतः बनवू शकत नाही. प्रौढ माणसाला खाल्लेल्या प्रत्येक ग्रॅम प्रथिनामागे साधारण ४५ मिलिग्रॅम लायसिन लागतं. गव्हाच्या प्रथिनात ते २७ मिलिग्रॅमच्या आसपास असतं आणि ज्वारीत त्याहून कमी. लायसिन संपलं की उरलेली अमिनो आम्लं बांधकामाला वापरता येत नाहीत. शरीर ती इंधन म्हणून जाळून टाकतं. डाळींच्या प्रथिनात लायसिन ६५ ते ७० मिलिग्रॅम असतं, मात्र गंधकयुक्त अमिनो आम्लं कमी असतात आणि ती धान्यात भरपूर असतात.

म्हणून प्रमाण महत्त्वाचं. ७५ ग्रॅम गव्हाचं पीठ आणि २५ ग्रॅम डाळ एका जेवणात आली, तर एकूण १४ ग्रॅम प्रथिनं आणि सुमारे ६१० मिलिग्रॅम लायसिन मिळतं, म्हणजे ग्रॅममागे ४४. गरज जवळजवळ तंतोतंत भागली. तीन वाटे धान्य आणि एक वाटा डाळ, दोन्ही कच्च्या वजनाने, हे प्रमाण धरून चालावं. ज्वारीच्या भाकरीला डाळीचा वाटा किंचित वाढवावा. भातात लायसिन गव्हापेक्षा जरा बरं असतं, पण एकूण प्रथिनंच कमी, त्यामुळे भाताबरोबरचं वरणही घट्टच हवं.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली दिलेल्या शिफारशीप्रमाणे प्रौढाला रोज वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. ६५ किलोच्या पुरुषाला ५४ ग्रॅम आणि ५५ किलोच्या स्त्रीला ४६ ग्रॅम. चौघांच्या घरात डाळी, कडधान्यं आणि सोयाबीन मिळून माणशी रोज सरासरी ७० ग्रॅम धरलं, तर महिन्याला साधारण साडेआठ किलो होतं. हा आकडा मोठा वाटेल. पण तो सगळा तूरडाळीचा नको. दोन किलो तूर, दोन किलो मसूर, दीड किलो हरभरा डाळ, दोन किलो मटकी-चवळी आणि किलोभर सोयावड्या अशी वाटणी केली तर वरणाची चवही राहते आणि खर्च बराच उतरतो. तूर-मसूर निम्मी निम्मी घेतलेलं वरण चवीला वेगळं ओळखू येत नाही. शिवाय मसूर लवकर शिजते, म्हणजे गॅसही वाचतो.

सोयावड्या घरच्यांना आवडत नाहीत याचं कारण बहुतेक वेळा त्यांचा वास असतो आणि तो नीट न पिळल्यामुळे राहतो. उकळत्या पाण्यात थोडं मीठ घालून वड्या दहा मिनिटं ठेवाव्यात, दोन्ही तळहातांत दाबून पिळाव्यात, थंड पाण्यात टाकून पुन्हा पिळाव्यात. या पाण्याबरोबर वास जातो आणि पोटात वायू करणाऱ्या शर्कराही बऱ्याचशा निघून जातात. माणशी २५ ग्रॅम कोरड्या वड्यांतून १३ ग्रॅम प्रथिनं मिळतात. अख्खं सोयाबीन दळणात घालायचं तर तसंच कच्चं घालू नये. त्यात प्रथिनं पचवणाऱ्या ट्रिप्सिन या विकराला (एन्झाइमला) अडवणारा घटक असतो आणि तव्यावर दोन-तीन मिनिटं भाजून तो पुरता निकामी होईलच असं नाही. निवडलेले कोरडे दाणे थेट खळखळ उकळत्या पाण्यात टाकावेत आणि २५ मिनिटं उकळावेत. गार पाण्यात घालून हळूहळू तापवले तर दाण्यातलंच एक विकर तेलावर काम करून उग्र वास तयार करतं. मग पाणी काढून कडकडीत वाळवावेत आणि नऊ किलो गव्हात एक किलो या प्रमाणात दळावेत. या पिठात प्रथिनं ११ टक्क्यांवरून साडेतेरा टक्क्यांच्या पुढे जातात. सोयाबीनच्या तेलामुळे ते लवकर खवट होतं, म्हणून पंधरा दिवसांपुरतंच दळावं.

आता चुलीपाशी येऊ, कारण स्वस्त डाळ घेऊन ती तासभर शिजवत बसलो तर वाचलेले पैसे सिलिंडरमध्ये जातात. डाळ शिजते म्हणजे तिच्या पेशी एकमेकींपासून सुट्या होतात. पेशींना जोडून ठेवतं ते पेक्टिन, आणि पेक्टिनला घट्ट बांधून ठेवतो तो कॅल्शियम. बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम भरपूर असल्यामुळे हा बंध आणखी पक्का होतो आणि चार शिट्ट्यांनंतरही डाळ गळत नाही. असं पाणी आधी उकळून गार होऊ द्यावं. तळाशी पांढरा थर बसतो, तो न हलवता वरचं निवळ पाणी डाळीला घ्यावं. सगळा जडपणा यानं जात नाही, पण पाण्यातल्या बायकार्बोनेट क्षारांमुळे आलेला बराचसा जातो. कडधान्य भिजवताना लिटरभर पाण्यात एक चमचा मीठ घातलं तर मिठातला सोडियम कॅल्शियमची जागा घेतो आणि दाणा मऊ शिजतो. हे पाणी नंतर ओतून द्यायचं. चिमूटभर सोड्यानेही डाळ झटकन शिजते, पण सोड्यामुळे ब-१ जीवनसत्त्व नष्ट होतं. ज्या घरात डाळ हाच त्याचा मोठा आधार आहे तिथे ही सवय महागात पडते.

आंबटाचंही असंच. आमसूल, चिंच किंवा टोमॅटो डाळीबरोबर कुकरमध्ये घातला तर आम्लामुळे पेक्टिन विरघळायला वेळ लागतो. डाळ घोटून झाल्यावर आमटीत आंबट घालायची जुनी रीत अगदी बरोबर आहे. वर्षभर उष्ण, दमट जागी पडलेल्या कडधान्यात गणंग जास्त निघतात आणि तेही याच बंधांमुळे; अशा दाण्यांना कितीही शिट्ट्या दिल्या तरी पूर्ण मऊपणा येत नाही. म्हणून पडत्या भावातला जुना माल घेण्याआधी अर्धा पाव (सव्वाशे ग्रॅम) आणून शिजवून पाहावा.

कुकरच्या आत साधारण १२० अंश तापमान असतं आणि दाब आला की आच मोठी ठेवून ते वाढत नाही. जास्तीची उष्णता वाफ होऊन शिट्टीतून बाहेर जाते. पहिली शिट्टी झाली की गॅस अगदी बारीक करावा. अर्धा तास भिजलेली तूरडाळ आठ-दहा मिनिटांत होते, आणि गॅस बंद केल्यावर दाब उतरेपर्यंतही ती आत शिजतच असते. चमचाभर तेल घातलं तर फेस कमी येतो आणि शिट्टीचं भोक चोंदत नाही. राजमा आणि त्याच्या जातीचा घेवडा मात्र पुरता शिजलाच पाहिजे. कच्च्या दाण्यातल्या लेक्टिनमुळे जोराच्या उलट्या होतात, आणि हा घटक जाण्यासाठी निदान दहा मिनिटं खळखळ उकळी लागते.

मोडांबद्दल एक गैरसमज पक्का बसलेला आहे. मोड आल्याने कडधान्यातली प्रथिनं वाढत नाहीत. १०० ग्रॅम मटकीची मोड आल्यावर २००-२५० ग्रॅम होते, पण वाढलेलं वजन पाण्याचं असतं. खरा फायदा वेगळा आहे. दाण्यात फायटिक आम्ल असतं आणि ते लोह व जस्त धरून ठेवतं. मोड येताना दाण्यातलंच एक विकर हे आम्ल तोडायला लागतं आणि सोबत थोडं क जीवनसत्त्वही तयार होतं. त्यामुळे तेवढ्याच मटकीतलं जास्त लोह अंगी लागतं. आठ ते दहा तास भिजवून पाणी पूर्ण निथळावं आणि फडक्यात बांधून ठेवावं. उन्हाळ्यात बारा-पंधरा तास पुरतात, थंडीत पूर्ण दिवस लागतो. तळाशी पाणी राहिलं तर दाणे बुळबुळीत होतात आणि आंबूस वास येतो. अशी मटकी वापरू नये. मोड यायला लागणारी ऊब जंतूंनाही मानवते, म्हणून लहान मुलांना आणि गरोदर बाईला मोड कच्चे न देता वाफवून द्यावेत.

लोहाच्या बाबतीत ताटातली सगळ्यात मोठी गळती चहामुळे होते. जेवणाबरोबर किंवा जेवल्याबरोबर घेतलेल्या चहातली टॅनिनं डाळी-भाज्यांमधलं लोह बांधून टाकतात आणि त्याचं शोषण निम्म्याहूनही कमी होऊ शकतं. चहा जेवणापासून तासभर लांब ठेवला तर एक पैसा न खर्चता लोह वाढतं. उलट क जीवनसत्त्वाने शोषण वाढतं. ते उष्णतेने नष्ट होतं, म्हणून लिंबू वरणावर ताटातच पिळावं. लिंबू महाग असेल तेव्हा कच्च्या कोबीची कोशिंबीर किंवा ताजी कोथिंबीर चालते. थंडीत पेरू स्वस्त असतो आणि त्यात क जीवनसत्त्व संत्र्यापेक्षा कितीतरी जास्त असतं. पालेभाजी लोखंडी कढईत करावी; टोमॅटो घातला तर कढईतलं लोह आणखी उतरतं.

रेशनच्या तांदळाबद्दलही सांगायला हवं. पोषकं मिसळलेला तांदूळ मिळाला असेल, तर त्यात शंभर दाण्यांमागे एखादा जरा पिवळट, वेगळा दाणा दिसतो आणि पुष्कळ घरांत तो प्लास्टिकचा समजून वेचून टाकतात. तो तांदळाच्याच पिठाचा, यंत्रावर तांदळाचा आकार दिलेला दाणा असतो. त्यात लोह, फॉलिक आम्ल आणि ब-१२ जीवनसत्त्व मिसळलेलं असतं. तो फेकला की जे फुकट मिळालं तेच गेलं. हा तांदूळ एक-दोनदाच हलक्या हाताने धुवावा आणि बेताच्या पाण्यात शिजवावा. पेज काढलीच तर प्यावी किंवा आमटीत घालावी.

ब-१२ डाळींत किंवा भाज्यांत नसतं. दूध-दही, अंडी, मासे, मटण हे त्याचे नेहमीचे मार्ग, म्हणून वरच्या हिशोबात महाग दिसली तरी अंडी आणि दूध यादीतून पूर्ण काढू नयेत. कोकणातल्या घरात सुका जवळा (अगदी बारीक सुकी कोळंबी) हा फार चांगला पर्याय आहे. तो सालासकट खाल्ला जात असल्यामुळे कॅल्शियमही देतो. वाळू आणि मीठ जाईपर्यंत तो तीन-चार पाण्यांनी धुवावा.

एकदम घेतलेला माल टिकला नाही तर बचत संपली. भुंगेरे अख्ख्या कडधान्यावर अंडी घालतात आणि अळी दाणा आतून पोखरते. सोललेल्या, फुटक्या डाळीला त्यांचा त्रास कमी होतो. कडक उन्हात काळ्या कापडावर पातळ पसरून कडधान्य चांगलं तापवावं, गार झाल्यावर किलोला एक चमचा तेल चोळावं आणि घट्ट झाकणाच्या डब्यात भरावं. गरम असतानाच भरलं तर झाकणाला घाम सुटून बुरशी धरते. शेंगदाण्यात तर बुरशीकडे फारच बारीक लक्ष हवं. सुरकुतलेला, काळपट किंवा कडू लागणारा दाणा सरळ टाकून द्यावा, कारण त्यात अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक विष असू शकतं आणि ते दाणे भाजल्याने पूर्ण जात नाही. स्वस्तात मिळणारे फुटके दाणे किंवा तयार कूट घेण्यापेक्षा अख्खे दाणे घेऊन, निवडून घरीच कूट करावं.